कोर्टात शिकलेलं भांडण

माझा आवाज मोठा आहे. तक्रार म्हणून नाही, ओळख म्हणून सांगते. ठाण्याच्या सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून मी जी वर्षं काढली ती याच आवाजावर. भरल्या बसमध्ये मागून "पुढे सरका" म्हटलं की पुढची माणसं सरकतात, परत सांगावं लागत नाही. हा आवाज मला माहेरून मिळाला. कोपरच्या पलीकडे, वस्ती संपून चिखल आणि खारफुटी सुरू होते, तिथे आमचं घर. वडील खाडीत होडी घालायचे आणि आई डोंबिवलीच्या बाजारात मासे घेऊन बसायची. होडीतल्या माणसाशी काठावरून बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि बाजारात हळू बोलणारीची पाटी संध्याकाळपर्यंत तशीच राहते. आमच्या घरी कुणी कुणाच्या कानात काही सांगितल्याचं मला आठवत नाही. भांडणंसुद्धा सगळ्या आळीला ऐकू जायची. सकाळी आईवडिलांचं कडाक्याचं वाजायचं, आणि दुपारी दोघं एका ताटात जेवत बसलेले असायचे.

माझा नवरा याच्या बरोबर उलटा. तो ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, दिवसभर रेषा मारतो. लग्नाआधी तो माझ्या बसने जायचा. बाकीचे लोक पास दाखवताना फोनवर बोलत असायचे, नाहीतर खिडकीबाहेर बघत असायचे. हा पास दाखवायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि बसायचा. बरेच महिने मान हलवून झाल्यावर एक दिवस मीच विचारलं, "तुम्हाला बोलता येतं की नाही हो?"

"येतं," तो म्हणाला. "पण तुम्ही बोलता ते ऐकायला बरं वाटतं."

असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत बाईंनी, कामावर साहेबांनी, नात्यातल्या बायकांनी, सगळ्यांनी मला एकच सांगितलं होतं, जरा हळू बोल. मी त्याच्याशी लग्न केलं.

त्याचं कुटुंब रत्नागिरीकडचं, दोन पिढ्या डोंबिवलीत राहिलेलं. घर स्वच्छ, शिस्तीचं, देवाधर्माचं. त्या घरात कुणी कुणावर ओरडत नसे. राग आला की ती माणसं अबोला धरत. आमच्याकडे अबोला म्हणजे संध्याकाळपर्यंतची गोष्ट, त्यांच्याकडे तो सणवारासारखा पाळत. लग्नानंतरच्या पहिल्या सत्यनारायणाला सासू-सासऱ्यांचं काहीतरी बिनसलेलं होतं, पण पूजा ठरलेली. दोघं पाटावर शेजारी बसले. भटजींनी सांगितल्यावर सासूबाईंनी सासऱ्यांच्या हाताला हातही लावला. मध्येच भटजी म्हणाले, "यजमानांना विचारा, दक्षिणेचा विडा कुठे ठेवलाय?" सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "तुम्हीच विचारा. तुमच्याही शेजारीच बसलेत." कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. प्रसादाचा शिरा मात्र उत्तम झाला होता.

अबोल्यातही संसार चालवायचा तर काही ना काही बोलावं लागतंच, त्यासाठी त्या घरात एक सोय होती. सगळं हवेला सांगायचं. "कुणाला चहा हवा असेल तर झालाय." "ज्यांना उशीर होणार असेल त्यांनी किल्ली न्यावी." मला सुरुवातीला याचं फार हसू यायचं. मी माहेरी जाऊन नकला करायचे आणि आई पोट धरून हसायची.

आम्ही ठाण्यात वेगळं बिऱ्हाड केलं, मुलगी झाली, वर्षं गेली. माझं बोलणं आणि त्याचं ऐकणं यावर आमचं बरं चाललं होतं. आपल्याला मिळालेला माणूस शांत आहे याचं मला कौतुकच होतं. मग माझे वडील गेले.

आमच्याकडे दहाव्याला खाडीवर मांडव घालतात. प्रवचन होतं, आणि मग नात्यातली, गावातली माणसं एकेक करून माइकवर येऊन गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. कुणाला धड बोलता येतं, कुणाला नाही. कुणी नुसतं "लय चांगला माणूस व्हता" म्हणून डोळे पुसत खाली उतरतो. पण बोलायचं. जावयाने तर बोलायचंच. काकांनी चार दिवस आधीच माझ्या नवऱ्याला सांगून ठेवलं होतं आणि त्याने मान हलवली होती. त्या दिवशी मी पहाटेच माहेरी गेले, तो मागून येणार होता. मुलीची परीक्षा होती, तिला शाळेत सोडून.

तो आलाच नाही. काकांनी माइकवर त्याचं नाव पुकारलं, "जावईबापूंनी दोन शब्द बोलावेत." सगळा मांडव मागे वळून बघायला लागला. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं, आणि मग काका म्हणाले, "जावई उपस्थित नाहीत," आणि पुढचं नाव घेतलं. माझी मान कधी खाली गेली नव्हती ती त्या दिवशी गेली. आई माझ्या शेजारी बसलेली. रडता रडता थांबून तिने विचारलं, "बाय, तुज्या नवऱ्याला तोंड हाय का नय?"

मी घरी आले आणि तोंडाला येईल ते बोलले. माझ्या माणसांची तुला लाज वाटते, कोळ्यांच्या मांडवात बसायला तुझा शर्ट मळतो, मासे खाताना बरे लागतो आम्ही. तो खुर्चीवर बसून सगळं ऐकत होता. माझं संपल्यावर तो उठला, आतल्या खोलीत गेला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा बंद झाला. मीही मग हट्टाला पेटले. त्याच्या आईवडिलांना जमतं ते मला का जमू नये?

जमलं. वर्षाहून जास्त जमलं. मधे मुलगी होती, ती निरोप पोचवायची. "बाबांना सांग गॅस संपलाय." "आईला सांग शनिवारी मी नाहीये." ती आता कॉलेजला जायला लागली होती. एके दिवशी तिने बॅग भरली आणि आजीकडे कोपरला राहायला गेली. जाताना म्हणाली, "तिथे निदान सगळ्यांचं सगळं ऐकू येतं."

ती गेल्यावर आमच्याकडे हवेशिवाय कुणी उरलं नाही. एका रविवारी मी भाजी निवडता निवडता हवेला म्हटलं, "ज्यांना इथे राहायचं नसेल त्यांनी मोकळं व्हावं. कोर्टं त्यासाठीच आहेत." मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस उठून माझ्यासमोर उभा राहील. खिडकीशी पेपर वाचत होता तो. पेपर खाली न करता त्याने हवेला सांगितलं, "हरकत नाही."

इतकंच. आमचा घटस्फोट असा ठरला.

वकिलांनी समजावलं की दोघांची संमती असेल तर सोपं आहे, एकत्र अर्ज करायचा, मग सहाएक महिने थांबायचं आणि तरीही विचार बदलला नाही तर निकाल. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, पण एका छपराखाली राहूनही माणसं वेगळी राहू शकतात, हे कायद्याला मान्य आहे. हे त्यांनी बराच वेळ समजावलं. आम्हाला ते समजावण्याची गरज नव्हती.

अर्ज दाखल झाल्यावर कोर्टाने आम्हाला विवाह समुपदेशकांकडे पाठवलं. मला वाटलं, एखाद्या म्हाताऱ्या बाई असतील, संसारात तडजोड करावी लागते म्हणून पाठीवरून हात फिरवतील. नात्यातल्या सगळ्यांनी तेच करून झालं होतं. मी आधीच ठरवून गेले होते की कुणी तडजोड हा शब्द काढला तर तिथल्या तिथे उठायचं.

बाई पन्नाशीच्या होत्या, कॉटनची साडी, केसांचा घट्ट अंबाडा, टेबलावर थर्मास. आधी त्यांनी मला एकटीला आत घेतलं आणि दार लावून सरळ विचारलं, "हात उचलतो का? पिऊन येतो का? घरात भीती वाटते का?" मी नाही म्हटलं. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, खरं बोलतेय का ते तपासत असाव्यात. "असलं काही असतं तर मी तुम्हाला दोघांना एका खोलीत बसवलंच नसतं," त्या म्हणाल्या. मग घरात आणखी कोण असतं ते विचारलं, आणि निरोप पोचवून कंटाळलेली मुलगी आजीकडे गेल्याचं मी सांगितलं. "आता त्यांना बोलावू." तो आल्यावर त्यांनी सांगितलं की इथे जे बोलाल ते न्यायाधीशांपर्यंत जात नाही, वकिलांनाही इथे जागा नाही, तेव्हा मोकळं बोला.

मी बाईंना म्हटलं, "यांना विचारा, वडिलांच्या दहाव्याला का नाही आले."

तो बाईंना म्हणाला, "त्यांना सांगा, त्या विषयावर मला बोलायचं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी निरोप पोचवत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी ते काम सोडून गेली, आता मला लावू नका. तुम्ही एकमेकांशी बोला." आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि दुसरीच एक फाईल वाचायला घेतली. आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघत बसून राहिलो. बाहेरच्या व्हरांड्यात कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, कुणीतरी त्याला बिस्किट देत होतं, ते सगळं आम्ही ऐकलं. वेळ संपल्यावर बाई वळल्या, "इथे रोज माझ्याकडे भांडणारी माणसं येतात. त्यांना गप्प करायला माझा जीव जातो. तुम्हाला मला भांडायला शिकवावं लागणार."

मी आयुष्यभर भांडत आलेली बाई. मला हे लागलं. मी म्हटलं, "मला येतं."

"तुम्हाला ओरडता येतं," बाई म्हणाल्या. "भांडायला दोन माणसं लागतात."

मग त्यांनी काम दिलं. रोज संध्याकाळी दोघांनी तलावपाळीला जायचं. घरी नाही, घरात लपायला खोल्या असतात. तिथे बाकावर बसायचं आणि प्रत्येकाने एक तक्रार सांगायची, एकच. हवेला नाही, समोरच्याच्या तोंडावर, "तू" म्हणून. दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, सफाई द्यायची नाही, फक्त "ऐकलं" म्हणायचं. मग हवं तर घरी जायचं.

"आणि आवाज?" मी विचारलं. "आवाज किती ठेवायचा?"

"तुमचा आहे तेवढा," बाई म्हणाल्या.

त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंची कायमची ऋणी झाले. लोकांनी मला संसार वाचवण्यासाठी जे जे सल्ले दिले होते त्यातला पहिला नेहमी हाच असायचा की आवाज कमी कर. या बाईंनी मला कमी व्हायला सांगितलं नाही, त्याला वाढायला सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. मधे तिसरं माणूस आरामात बसलं असतं, आणि एक आजोबा खरंच येऊन बसले. ते उठून जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी म्हटलं, "तू ओला टॉवेल पलंगावर टाकतोस." तो म्हणाला, "ऐकलं." कारंजं सुरू झालं, बंद झालं. शेवटी म्हणाला, "तू... तू कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघतेस. दोन्ही वेळा मला वाटतं माझ्यावर विश्वास नाही." कुलूप तर मीच लावते, यात त्याच्यावरच्या विश्वासाचा काय संबंध? पण उत्तर द्यायचं नव्हतं. मी दात आवळून "ऐकलं" म्हटलं. एवढी मेहनत मी कधी डबल ड्युटीलाही केली नव्हती.

पण त्याने मला "तू" म्हटलं होतं. वर्षाहून जास्त काळानंतर. घरी जाताना मी ते मनातल्या मनात परत परत ऐकत होते, हे मी त्याला कळू दिलं नाही.

असे दिवस जात राहिले. तो ऑफिसातून सरळ यायचा, मी डेपोतून, कधी युनिफॉर्मवरच. तक्रारी आधी बारीकसारीक होत्या, भाताच्या पाण्यावरून, मोबाइलच्या आवाजावरून, त्याच्या बहिणीच्या फोनवरून. मग जरा जड यायला लागल्या. एकदा तो म्हणाला, "तू चारचौघांत माझी नक्कल करतेस. सगळे हसतात. मीपण हसतो, पण मला ते आवडत नाही." मी "ऐकलं" म्हटलं. एकदा मी म्हटलं, "मला ताप होता तेव्हा तू पाण्याचा तांब्या भरून उशाशी ठेवलास आणि निघून गेलास. कसं वाटतंय विचारलं नाहीस." तो म्हणाला, "ऐकलं." आणि मग नियम मोडून हळूच, "दारात उभा होतो."

मोठी तक्रार मी राखून ठेवली होती. ती काढायची मला भीती वाटत होती, कारण तिचं जे उत्तर मला माहीत होतं ते त्याच्या तोंडून ऐकलं असतं तर परतीची वाट नव्हती. माझ्या माणसांना कमी लेखणाऱ्या माणसाबरोबर मी राहणार नव्हते, समुपदेशन असो नाहीतर काही असो. शेवटी एका संध्याकाळी मी काढली.

"तू माझ्या वडिलांच्या दहाव्याला आला नाहीस," मी म्हटलं. "माझी माणसं तुला हलकी वाटतात."

त्याने "ऐकलं" म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "मी आलेलो."

"कुठे?"

"कोपरला. स्टेशनवरून चालत खाडीच्या रस्त्याला लागलेलो." तो तलावाकडे बघत बोलत होता, मग नियम आठवून माझ्याकडे वळला. "भाषण पाठ केलेलं. ऑफिसच्या गच्चीवर जाऊन रोज म्हणायचो. रस्त्यातपण म्हणत होतो. मग लाउडस्पीकरवरून तुझ्या काकांचा आवाज आला. माझं नाव घेतलं. माझे पाय जागचे हलेनात. तिथे एक दुकान बंद होतं, त्याच्या पायरीवर बसलो. परत नाव घेतलं. उठलो, परत बसलो. तिसऱ्यांदा घेतलं, आणि मग ते म्हणाले, जावई उपस्थित नाहीत. मी होतो ना. दोन गल्ल्या अलीकडे होतो."

तो बोलतच राहिला, इतकं तो सलग माझ्याशी कधी बोलला नव्हता.

"तुमच्या घरी सगळे बोलायचे. तुझे वडील मला होडीत बसवायचे आणि खाडीतून फिरवून आणायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. मीपण नाही. मला वाटायचं, या घरात हे एकटे आहेत ज्यांच्यासमोर मला बोलायची सक्ती नाही. आणि त्यांच्याबद्दलच माइकवर बोलायचं. मी काय बोलणार होतो?"

हे मला माहीत नव्हतं. ते दोघं होडीतून जायचे हे दिसायचं, पण मला वाटायचं, तिकडे गेल्यावर वडील त्याला माशांच्या, भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगत असतील. माझ्या मोठ्याने बोलणाऱ्या वडिलांनाही कुणाजवळ तरी गप्प बसावंसं वाटत होतं, आणि त्यासाठी त्यांनी माझा नवरा निवडला होता. खरं म्हणजे मला रडू यायला हवं होतं. आला राग.

"अरे मूर्खा, मग नुसता येऊन उभा राहायचास! कोण तुला खाणार होतं तिथे? माझा बाप गेलेला, मी तिथे एकटी बसलेली, तुझ्या भाषणाचं काय लोणचं घालायचं होतं मला?" माझा आवाज आहे तेवढा होता. भेळवाल्याचा हात थांबला. फिरायला आलेली माणसं वळून बघायला लागली. आता हा उठून जाणार, मला वाटलं. दर वेळी असाच उठून गेलेला.

तो उठला. पण गेला नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि ओरडला. वापरात नसलेल्या नळासारखा त्याचा आवाज आधी नुसता खरखरला, आणि मग एकदम आला. "तू विचारलंस का? घरी येऊन तास-दीड तास ओरडलीस. मला लाज वाटते म्हणालीस, शर्ट मळतो म्हणालीस. एकदा तरी विचारलंस, कुठे होतास म्हणून?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

तो थांबला. प्रामाणिक माणूस आहे, रागातही विचार केला त्याने. "नाही!" तो पुन्हा ओरडला. "नसतं सांगितलं!"

मग आम्ही तलावाला फेऱ्या मारत भांडलो. दहाव्यावरून भांडलो, त्याच्या घरच्या अबोल्यावरून भांडलो, मुलीला आम्ही दोघांनी पोस्टमन केलं त्यावरून भांडलो, आणि त्यात कधी कोण कुणाच्या बाजूने बोलतंय तेही कळेनासं झालं. घरी पोचेपर्यंत त्याचा घसा बसला होता. मी त्याला मिठाच्या गुळण्या करायला कोमट पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला अजिबात बोलता आलं नाही, आणि तिथे कुणाला फरक कळला नाही.

मला त्याचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू. लोकांना नवऱ्याच्या पगाराचा, हुद्द्याचा अभिमान असतो. मला त्या संध्याकाळच्या त्याच्या फाटक्या आवाजाचा आहे. ज्या घरात तीन पिढ्यांनी राग गिळून टाकला, त्या घरातला हा पहिला माणूस भर तलावपाळीवर बायकोवर ओरडला होता, आणि उठून गेला नव्हता. पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर कोपरला आला आणि आईसमोर बसून, शब्द शोधत का होईना, सगळं स्वतः सांगितलं. मी मधे एक शब्द घातला नाही. आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "येरा हाय तुजा नवरा. पायरीवर बसला व्हता तं पानी तरी प्यायला यायचा." आमच्याकडे येरा म्हणजे वेडा. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती त्या दिवशी आमच्याबरोबर परत आली नाही. बघू म्हणाली, आधी टिकतंय का. आमचीच मुलगी.

आणि टिकेल याची खात्री खरंच नव्हती. बाईंना आम्ही हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाल्या, "एक चांगलं भांडण झालं, छान झालं. पण राहायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. तो मी ठरवणार नाही. तुम्हाला घटस्फोट घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण तोही बोलून घ्या. मागच्या वेळी न बोलता ठरवलात."

त्यानंतरही तो अधूनमधून गप्प व्हायचा. मीही काही देवी झाले नव्हते, माझी जीभ सुटायची. कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात समोर उभं करून विचारलं. हवेला नाही, त्याला. "मला तू हवा आहेस," मी म्हटलं. "पण बोलणारा हवा आहेस. गप्प नवरा मला आता परवडणार नाही. तुला काय हवंय ते तुझं तू सांग."

तो म्हणाला, "विचार करून सांगतो." आणि गप्प झाला. तारखेपर्यंत त्याने त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला हवं ते मी स्पष्ट सांगितलं होतं, याचना मी करणार नव्हते. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत बसमध्ये मला स्टॉपची नावं आठवत नव्हती.

तारखेला आम्ही कोर्टात उभे राहिलो. खोली भरलेली, पाठीमागे पुढच्या प्रकरणांची माणसं दाटीने बसलेली, वकील फायली चाळत होते. न्यायाधीश साहेबांनी आमचा अर्ज समोर घेतला, समुपदेशन झाल्याची नोंद पाहिली आणि आधी मला विचारलं, "तुमचा निर्णय कायम आहे?"

"माझं मी याला सांगितलंय साहेब," मी म्हटलं. "याचं मला अजून कळलेलं नाही. तुम्हीच विचारा."

साहेब त्याच्याकडे वळले. तो समोरच्या लाकडी कठड्याला धरून उभा होता. साहेबांनी प्रश्न विचारला आणि तो काही बोलेना. त्यांनी पुन्हा विचारला. पाठीमागे कुणीतरी खाकरलं, वकील माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागले. माझ्या जिभेवर दहा वाक्यं येऊन उभी होती, त्यातलं कुठलंही म्हटलं असतं तर त्याची सुटका झाली असती. मी ओठ मिटून घेतले. आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज सबंध खोलीला ऐकू गेला. "आमचं भांडण आत्ता कुठे सुरू झालंय. मला अजून हिला पुष्कळ सांगायचंय. ते संपेपर्यंत मला घटस्फोट नको."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आणि संपल्यावर?"

"ही संपू देणार नाही," तो म्हणाला.

मग मी रडले. भर कोर्टात, माझ्या आवाजात.